गळा फिनलंडात, हार विश्रांतवाडीत

विश्रांतवाडी, पुणे १५
सोमवार, २२ ऑक्टोबर २००७

चिरंजीव धम्मदीप यास नागोराव मामाचा सप्रेम जयभीम.

'चिरंजीव' हा शब्द मी आजवर सवयीने लिहीत आलो. सरकारी पत्रात 'महोदय' लिहितात तसा. समोरचा खरोखर महोदय आहे की नाही हे कुणी तपासत नाही. या वेळी मात्र तो थांबून, विचार करून, पेन दाबून लिहिला आहे. कारण गेल्या काही दिवसांत निम्म्या विश्रांतवाडीने तुला मयत धरलं आहे आणि उरलेल्या निम्मीला अजून कळायचं आहे. तू घाबरू नकोस. तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. (नसल्यास तसं कळव. आता इथे कशाचंच कुणाला आश्चर्य वाटणार नाही.)

इकडे सर्व क्षेम आहे. क्षेम म्हणजे माझा उजवा गुडघा जिना चढताना बोलतो आणि डावा उतरताना. तुझ्या मामीला ऐकू कमी येऊ लागलं आहे आणि माझं बोलणं बघता तिला त्याचं फारसं वाईट वाटत नसावं. तुझ्या आईचा चष्मा फुटला असून ती नवा करायला तयार नाही. बघण्यासारखं काही असलं की करू, म्हणते. मेस चालू आहे. कल्याणीनगरच्या कॉम्प्युटर कंपन्यांतली पोरं दोन्ही वेळ येतात, भाकरी खाता खाता मोबाइलवर बोटं चालवतात, आणि भाजी कसली होती असं विचारलं की परीक्षेत प्रश्न आल्यासारखी दचकतात. तुला फोन लागत नाही म्हणून हे पत्र. ई-मेलही करता आला असता, पण आपल्या कोपऱ्यावरचा सायबर कॅफेवाला मजकूर मोठ्याने वाचत टाइप करतो आणि मागे बसलेली गिऱ्हाइकं त्यात सुधारणा सुचवतात. त्यापेक्षा पोस्ट बरं. तुझ्या त्या गावाचं नाव मला वाचता येत नाही, पण तू पाठवलेल्या पत्त्यावरून मी ते पाकिटावर चित्र काढावं तसं काढतो. आजवर एकही पत्र परत आलेलं नाही. उत्तरही आलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तू फिनलंडला गेलास त्या पहिल्या वर्षी बरं चाललं होतं. खडकीच्या मैदानावर अनवाणी खेळणारा मुलगा आधी गोव्याच्या क्लबात गेला, तिथून थेट विमानाने बर्फात गेला, आणि तिथले लोक त्याला बॉल मारण्याचा पगार देतात, हे मी पेन्शनरांच्या कट्ट्यावर इतक्या वेळा सांगितलं की मी आलो की लोक उठून फिरायला जाऊ लागले. मग तू कळवलंस की सध्या बाकावर आहेस, राखीव खेळाडू म्हणून. राखीव म्हणजे काय ते मी तुझ्या आईला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, म्हणाली, "तिकडंसुद्धा?" आणि भाकरी थापत राहिली. मला त्यात कमीपणा वाटला नाही. मी आयुष्यभर सरकारी खात्यात खुर्चीवर बसून पगार घेतला. आपल्या मेसचा जुना मेंबर अनिरुद्ध (नागपूरकडचा, आता वारज्याला फ्लॅट घेतला आहे, तरी रविवारी जेवायला इथेच येतो) तोसुद्धा मध्यंतरी त्याच्या कंपनीत 'बेंचवर' होता आणि वजनाने वाढला. तेव्हा नव्या जमान्यात हुशार माणसांना आधी बसवून ठेवत असावेत, असं मी धरून चाललो. त्यानंतर तुझे फोन कमी झाले आणि पावसाळ्यापासून बंदच पडले. आता येतात ते मोबाइलवरचे मेसेज. 'बिझी, प्रॅक्टिस, ऑल वेल.' दर वेळी तेच चार शब्द, त्याच क्रमाने. कारकुनी केलेल्या माणसाला छापील मजकूर ओळखू येतो, एवढंच सांगतो.

अशात हिंदुरावाने उचल खाल्ली. हा हिंदुराव गेल्या निवडणुकीत पडला आणि पडल्या दिवसापासून पुढच्या निवडणुकीला उभा आहे. त्याला कुणीतरी सांगितलं की आपल्या वॉर्डातला एक मुलगा परदेशात फुटबॉल खेळतो. झालं. दुसऱ्या दिवशी आळंदी रस्त्यावर चौकात फ्लेक्स लागला. 'सातासमुद्रापार विश्रांतवाडीचा झेंडा, हार्दिक अभिनंदन.' मधोमध हिंदुराव हात जोडून, त्याच्याभोवती त्याचे कार्यकर्ते बोरं सांडल्यासारखे, आणि खाली कोपऱ्यात, जिथे एरवी छापणाऱ्याचा फोन नंबर असतो तिथे, तू. तुझा बॉल कापला गेला होता, त्यामुळे तू एक पाय वर करून कुणाला तरी लाथ मारायच्या बेतात दिसत होतास. तुझी आई मुद्दाम रस्ता ओलांडून बघून आली. म्हणाली, पाय आलाय चांगला.

फ्लेक्सनंतर सत्कार आलाच. तू येणार नाहीस हे मी हिंदुरावाला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, सत्काराला माणूस लागतोच असं नाही. आणि त्याचं खरं आहे म्हणा, पुण्यात निम्मे सत्कार सत्कारमूर्तीला नकोच असतात. अडचण एकच होती. शाल, श्रीफळ आणि हार द्यायचा कुणाला? गळा फिनलंडात. रीतीप्रमाणे अशा वेळी आईला स्टेजवर बसवतात, पण तुझी आई ऐकेना. ज्याचं काम त्याला द्या, मी खाली बसते, एवढंच म्हणाली. (तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही. तुझे वडील एकदा जिंकत आले होते, पण मध्येच जेवायची वेळ झाली.) शेवटी ठरलं की खुर्चीवर तुझा फोटो ठेवायचा आणि सत्कार फोटोचा करायचा. घरात तुझा मोठा फोटो नव्हता, म्हणून पासपोर्टसाठी काढलेला मोठा करून फ्रेम केला. पासपोर्टच्या फोटोत हसू देत नाहीत. त्यात तू जगाचा निरोप घेऊन बसल्यासारखा दिसतोस, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कार्यक्रम आपल्या विहाराच्या हॉलमध्ये मागच्या पंधरवड्यात रविवारी सकाळी ठेवला. बायका रीतीप्रमाणे पांढऱ्या साड्या नेसून आल्या. स्टेजवर टेबल, टेबलावर तथागतांची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, पुढे मेणबत्त्या आणि अगरबत्तीचा तो स्टीलचा स्टँड. मधल्या खुर्चीवर तू. इथवर सगळं यथासांग होतं. मग हिंदुराव आला, आणि सोबत चार कार्यकर्ते घेऊन आला, आणि चौघांनाही स्टेजवरच बसायचं होतं. खुर्च्या कमी पडल्या. कार्यकर्त्याला उभं ठेवलं तर तो दुसऱ्या पक्षात जातो. फोटो कुठे जात नाही. तेव्हा कुणीतरी (कुणी ते आता कुणीच कबूल करत नाही) तुला खुर्चीवरून उचललं आणि टेबलावर बाबासाहेबांच्या शेजारी उभं केलं. हार तयारच होता. झेंडूचा सांगितला होता, माधव फुलवाल्याकडे पांढऱ्या शेवंतीचा शिल्लक होता, तोच घातला. पुढे मेणबत्ती होतीच.

आता तू आपल्या वस्तीत वाढला आहेस. त्या टेबलावर आणखी एक फोटो, त्याला पांढरा हार आणि पुढे मेणबत्ती, हे आपल्याकडे केव्हा असतं ते तुला सांगायला नको. तुझ्या वडिलांच्या पुण्यानुमोदनाला हेच टेबल होतं आणि हाच स्टँड. ते माझ्या लक्षात आलं, पण तोवर बौद्धाचार्यांनी वंदना सुरू केली होती आणि मला वाटलं, होऊन जाऊ दे. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मागे उशिरा येणारी माणसं दारातून टेबलाकडे बघायची, चपापायची, आणि आवाज न करता चपला काढून भिंतीला टेकायची. एवढ्या शांततेत झालेला सत्कार मी प्रथमच पाहिला. मला वाटलं, फुटबॉलबद्दलचा आदर वाढतो आहे.

प्रमुख पाहुणे आप्पासाहेब. हे कुठल्याशा क्रीडा संघटनेचे माजी अध्यक्ष. (पुण्यात माजी अध्यक्ष पुष्कळ, आजी अध्यक्ष कुणी पाहिलेला नाही.) ते आधीच्या एका शोकसभेतून थेट आले होते असं नंतर कळलं. आले ते वंदना संपता संपता. त्यांनी पांढऱ्या साड्या पाहिल्या, मेणबत्ती पाहिली, हार पाहिला, तुझा तो हसू न दिलेला चेहरा पाहिला, आणि त्यांच्या मनात काही शंकाच उरली नाही. फोटोवर फुलं वाहिली, हात जोडले, डोळे पुसले आणि माइक हातात घेतला. कोवळं वय, परकी भूमी, ऐन उमेदीत काळाने घातलेला घाला, असं बोलत गेले. हिंदुराव त्यांची बाही ओढू लागला, तर आप्पासाहेबांना वाटलं कार्यकर्त्याला दुःख आवरत नाही. त्यांनी बोलता बोलता त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बोलायला मात्र माणूस पट्टीचा. इतकं चांगलं तुझ्याबद्दल तू जिवंत असताना कुणी बोललं नव्हतं. आणि शेवटी म्हणाले, आपण सर्व जण दोन मिनिटं उभं राहून या गुणी खेळाडूला श्रद्धांजली वाहू या.

आणि धम्मदीप, सगळा हॉल उभा राहिला. माइकवरून उभं राहा म्हटलं की आपण उभे राहतो, कशासाठी ते बसल्यावर विचारतो. हिंदुराव उभा राहिला. तुझी मामी उभी राहिली. (तिला ऐकूच आलं नव्हतं, पण सगळे उठले म्हणून उठली.) मीही उभा राहिलो. तू जिवंत आहेस हे त्या हॉलमध्ये मला सगळ्यांत पक्कं माहीत होतं, आदल्या आठवड्यातच तुझा 'बिझी' आला होता, आणि तरी मी मान खाली घालून उभा होतो. आता लिहायला लाज वाटते, पण त्या दोन मिनिटांत मला तुझी फार आठवण आली. तू लहानपणी माझ्या सायकलच्या दांडीवर बसून खडकीला यायचास ते आठवलं. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते बघून माझ्या शेजारच्या माणसाची जी थोडीफार शंका होती तीही फिटली.

फक्त तुझी आई बसून राहिली. सगळा हॉल उभा आणि मधोमध ती एकटी खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून, टेबलाकडे बघत. दोन मिनिटं झाली. लोक बसायला लागले तेव्हा ती उठली. स्टेजवर गेली, फोटोचा हार काढून आप्पासाहेबांच्या हातात दिला, फ्रेम पदराखाली घेतली आणि घरी निघाली. मी मागे धावलो. (धावलो म्हणजे माझे गुडघे देतील तेवढं.) रस्त्यात तिला म्हटलं, अगं, चूक झाली, पण सगळे उठले तेव्हा तूही उठायचंस, एवढं काय त्यात. ती चालता चालता म्हणाली, "उभी राहिले असते तर खरं झालं असतं, नागो."

मी तिच्या मागून घरापर्यंत चालत गेलो.

पुढचं सगळं वरातीमागून घोडं. हिंदुरावाने माइकवरून खुलासा केला की सत्कारमूर्ती हयात आहेत. पण तोवर निम्मी माणसं डोळे पुसत बाहेर पडली होती, आणि रडून झालेल्या माणसाला खुलासा आवडत नाही. दुपारपर्यंत बातमी धानोरीला गेली, संध्याकाळपर्यंत येरवड्याला. शेजारणींनी दुःखाच्या घरी चूल पेटवू नये म्हणून पिठलं-भाकरीची पातेली आणून दारात ठेवली. मी सांगतोय की मुलगा जिवंत आहे, त्या म्हणतायत असंच म्हणायचं भाऊ, धीर सोडायचा नाही. ती पिठलं-भाकरी शेवटी मेसच्या पोरांना वाढली. त्यांनी चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाली, मावशी, आज हात वेगळा लागलाय.

बिबवेवाडीचे पोपटराव, तुझ्या वडिलांचे चुलतभाऊ, दोन बस बदलून आले. दारातच माझ्या गळ्यात पडले. मी त्यांना बसवून, पाणी देऊन, सविस्तर सांगितलं. त्यांनी पाणी संपवलं. मग म्हणाले, तसं असेल तर तसं कळवायला हवं होतं, मी रजा टाकून आलो. चहा घेतला. दुखवट्याचा म्हणून पांढरा टॉवेल आणला होता, तो परत नेतील असं वाटलं, पण जाताना कोनाड्यात ठेवला आणि म्हणाले, राहू दे, आज ना उद्या कुणाला तरी लागेलच. तेव्हापासून मी त्या कोनाड्याकडे पाठ करून बसतो.

फ्लेक्सचं तर विचारूच नकोस. हिंदुरावाच्या विरोधातल्या उमेदवाराने चौकात तुझा स्वतंत्र फ्लेक्स लावला, 'भावपूर्ण श्रद्धांजली', शोकाकुल म्हणून खाली स्वतःसह अठरापगड नावं. आता हिंदुराव मागे कसा राहणार? तू हयात आहेस हे त्यानेच माइकवरून सांगितलेलं, पण निवडणूक ती निवडणूक. त्याने स्वतःच्या फ्लेक्सवर 'हार्दिक अभिनंदन'च्या जागी कागदाची पट्टी चिकटवून 'भावपूर्ण श्रद्धांजली' केलं. फोटो तोच. तो हात जोडून उभा आणि कोपऱ्यात तू लाथ मारताना. मी त्याच्या ऑफिसात जाऊन बोललो. म्हणाला, मामा, उद्या काढतो. तो उद्या अजून उगवायचा आहे. माझी बस रोज त्या चौकात थांबते आणि रोज मी खिडकीतून तुझ्याकडे बघतो.

आता तुझ्या आईबद्दल. तिला तू गेलास असं वाटत नाही. पण काहीतरी आहे आणि सगळे मिळून ते झाकतायत, हे तिच्या मनात बसलं आहे. मेसेज दाखवला तर म्हणते, हे काय, कुणीही लिहील. तिला आवाज हवा आहे. मी तिला आयएसडी बूथवर घेऊन गेलो, एकदा नाही, पुष्कळदा. दर वेळी तुझ्याऐवजी एक बाई त्यांच्या भाषेत काहीतरी बोलते आणि फोन बंद होतो. तुझी आई ते शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकते. पहिल्या दिवशी ही तुझी बायको असावी असा तिचा समज झाला. मी सांगितलं, अगं ते रेकॉर्ड आहे, रोज तेच बोलतं. म्हणाली, रोज तेच बोलते म्हणजे स्वभावाने शांत आहे. मी हसलो, तीही थोडी हसली. मग बूथवाल्याला विचारलं, उद्या किती वाजता उघडतोस.

तेव्हा मला अनिरुद्ध आठवला. त्याच्या कंपनीने त्याला तिकडच्या उन्हाळ्याच्या शेवटी कामासाठी फिनलंडला पाठवलं होतं. निघताना मी त्याला तुझा पत्ता देऊन सांगितलं होतं की एखादी मॅच बघून ये. तो परवा परत आला आणि काल दसऱ्याच्या दिवशी, धम्मचक्र प्रवर्तनाची खीर खायला मेसवर हजर झाला. त्याने सर्वांसमक्ष सांगितलं की त्याने तुझी मॅच पाहिली. मैदान हिरवंगार, थंडी कडक, माणसं टाळ्या वाजवताना हातमोजे काढत नाहीत त्यामुळे आवाज येत नाही. आणि तू डाव्या पायाने लांबून असा गोल मारलास की गोलकीपर जागचा हलला नाही. मेसची पोरं ताटावर चमचे वाजवू लागली. तुझ्या आईने विचारलं, वाळलाय का. तो म्हणाला, नाही मावशी, चांगला आहे. तिने त्याला आणखी खीर वाढली. मला फार बरं वाटलं. तेव्हा तू काहीएक काळजी करू नकोस. असाच खेळत राहा, आईबाबांचं आणि वस्तीचं नाव मोठं कर. घाईने घरी येण्याचं काही कारण नाही, इथे सगळं ठीक आहे.

मोठ्यांना जयभीम, लहानांना आशीर्वाद. (तिकडे मोठे कोण आणि लहान कोण ते तूच ठरव.)

तुझा,
नागोराव मामा

ता. क. तुझा ताजा फोटो पाठव. हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून काढ, पळवून नेलेल्या माणसांचा काढतात तसा. पोपटरावांना दाखवून तो टॉवेल परत करायचा आहे. फोटो हसरा असावा.

ता. क. दुसरा. वरचं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवायचं होतं म्हणून तसं लिहिलं. आता ती पोरांना वाढते आहे तेवढ्यात हे लिहितो.

अनिरुद्धने कुठलाही गोल पाहिला नाही. खीर अर्धी टाकून तो उठला आणि जिन्यात चपला घालता घालता रडायला लागला. मग सगळं सांगितलं. तू मैदानावर नव्हतास आणि बाकावरही नव्हतास. मॅच सुटल्यावर तो मागच्या बाजूला गेला तर तू एका खोलीत संघाचे धुतलेले शर्ट वाळत घालत होतास, एक पाय ओढत. गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली आणि आम्हाला एका शब्दाने कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, चालशील, खेळणार नाहीस. क्लबची माणसं भली, त्यांनी कपडे धुवायला आणि गवत कापायला ठेवून घेतलं. तू त्याला चहा पाजलास, शपथ घातलीस आणि घरी सांगायचा गोलही तूच रचून दिलास, डाव्या पायासकट. म्हणजे तुझा शेवटचा गोल तू शर्ट वाळत घालता घालता मारलास. तो ऐकून इथे ताटं वाजली, एवढं तुला कळवतो.

कपडे धुण्याची लाज मला वाटत नाही, तुलाही वाटू नये. पण फ्लेक्सचं तुला इथून कुणीतरी कळवलं होतं म्हणे, आणि तू अनिरुद्धला म्हणालास, "कुठल्या तोंडानं येऊ? चौकात फ्लेक्स आहे." बाळा, त्यासाठीच हे एवढं लांबण लावलं. त्या फ्लेक्सची काळजी सोड. आता त्यावर श्रद्धांजली आहे. विश्रांतवाडीने तुला रडून घेतलं आहे, उभं राहून झालं आहे, पिठलंही खाऊन झालं आहे. जिवंत माणूस हरून आला की लोक नावं ठेवतात. मेलेला माणूस लंगडत परत आला तर त्याला कुणी विचारत नाही की किती गोल केलेस. इतकी सोय आजवर कुठल्याही खेळाडूची झाली नसेल, आणि ती हिंदुरावाने केली आहे. त्याच्या हातून याआधी कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. ही संधी वाया घालवू नकोस. ये. मला तू हवा आहेस. त्या दोन मिनिटांत मला जे झालं ते पुन्हा सोसायचं नाही.

तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही. तू आल्यावर मी तिला हळूहळू सांगेन, अवघड मजकूर सोपा करून मांडण्यात माझी हयात गेली. डिंक वाळला आहे, तेव्हा पाकीट शितं लावून चिकटवायला तिच्याकडेच देतो. चष्मा नाही, त्यामुळे भीती नाही.

ता. क. तिसरा.

दीपू,
मामानं पाकीट माझ्याकडं दिलं. चष्मा फुटलाय, डोळे नाही. जवळ धरलं की दिसतं. प्रौढ वर्गात शिकले ते विसरले नाही.

अनिरुद्ध हेल्मेट विसरला होता. ते द्यायला जिन्यात गेले तेव्हाच सगळं ऐकलं. मामाला सांगू नको. त्याला वाटतं त्याला गुपित ठेवता येतं.

फोटो भिंतीला टांगला नाही. डब्यांच्या मागं ठेवलाय. तू आलास की दुसरा काढू, हसरा.

पळत येऊ नको. चालत ये.

आई